घरमालकीण व्हायचं होतं

जर्मनीत ब्योब्लिंगेनला आल्यावर पहिली काही वर्षं मी नाटकाशिवाय काढली. पुण्यात कॉलेजपासून एकांकिका केल्या होत्या. इथे दिवसभर सॉफ्टवेअर तपासायचं, संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि पोळ्या. मग कळलं की शेजारच्या गावात, अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीत एक हौशी नाट्यसंस्था आहे. इथे तिला फेराइन म्हणतात. सभासदच खुर्च्या मांडतात, सभासदच दिवे लावतात आणि प्रयोग संपला की संडासही सभासदच धुतात. मी गेले, रंगाचा आणि लाकडाचा वास आला, आणि कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

सुरुवातीला प्रॉम्प्टिंग केलं, पडदे ओढले. मग आमच्या दिग्दर्शिकेने पूर्वग्रहावर नाटक करायचं ठरवलं. ती शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, मनाने खरोखर चांगली. तिनेच लिहिलं होतं. एका घराचा वरचा मजला रिकामा आहे, एक परदेशी बाई तो बघायला येते, आणि तासभर ती व घरमालक टेबलाशी बसून बोलतात. एवढंच.

"ही भूमिका तुझीच," ती मला म्हणाली. कुठली, हे विचारायची गरज नव्हती.

"मला घरमालकीण करायची आहे," मी म्हणाले. सगळे हसले. प्रेमानेच हसले, पण हसले.

मला ती घरमालकीण माहीत होती. पुण्यात माझी मैत्रीण खोली शोधत असताना मी तिच्याबरोबर फिरले होते. एका बाईंनी आम्हाला सरबत दिलं, गावाकडची चौकशी केली, मग विचारलं, "आडनाव काय म्हणालीस गं?" मैत्रिणीने सांगितलं. बाईंचा चेहरा जराही बदलला नाही. तितक्याच गोड आवाजात त्या म्हणाल्या, "अगं बाई, विसरलेच बघ. भाच्याला शब्द दिलाय मी." पुढे इथे घर शोधताना तेच वाक्य मी जर्मनमध्ये ऐकलं. भाच्याच्या जागी मुलीची मैत्रीण होती, एवढाच फरक.

हे सगळं मी दिग्दर्शिकेला सांगितलं. तिने चष्मा काढून ठेवला. "आल्झो, म्हणजे, फार भयंकर आहे हे. पण तू मालकीण झालीस तर अन्याय कोणावर होतोय? लोकांचा गोंधळ होईल."

होऊ दे की गोंधळ, असं मी म्हणाले. तिने पुढचं पान उलटलं.

तालमी सुरू झाल्या. घरमालक करायला एक निवृत्त गृहस्थ होते, मोटारीच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेले, उंच, रुंद खांद्यांचे. आमचा पहिला प्रवेश झाला आणि दिग्दर्शिकेने हात वर केला.

"तू जरा तुटक बोलशील का? क्रियापदं चुकव थोडी. तू फारच बरोबर बोलतेस. लोकांना वाईट वाटायला हवं ना तुझ्याबद्दल."

ऑफिस सांभाळून, पोर झोपल्यावर व्याकरणाची पुस्तकं उघडून मी ही भाषा शिकले होते. आणि आता ती विसरल्याचं नाटक करायचं होतं. "आणि साडी नेस," ती म्हणाली.

"मी घर बघायला जॅकेट घालून गेले होते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण स्टेजवर रंग हवा."

घरी स्वयंपाकघरात मी ती तुटकी वाक्यं घोकत होते. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना जर्मनचा शब्द कळत नाही. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "दात दुखतोय का गं? फोनवर बोलतेस तेव्हा कशी भराभरा बोलतेस. आज अडखळतेस का अशी?"

"अहो आई, नाटकातलं आहे ते."

"नाटकात आजारी आहेस होय?"

मी हसले, आणि मग मला इतका राग आला की गॅस बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. नवरा मागून आला. "अगं, हौस म्हणून जातेस ना तिथे? मग एवढं काय मनाला लावून घेतेस?" त्याचं बोलणं दिग्दर्शिकेपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या तालमीच्या मध्यंतरात ते फिटर गृहस्थ कॉफी घेऊन माझ्याजवळ आले. बर्लिनची भिंत पडल्यावर ते पूर्व जर्मनीतून इथे कामाला आले होते. "दुकानात मी तोंड उघडलं की लोक माझे शब्द माझ्याच हेलात परत म्हणून दाखवायचे," ते म्हणाले. "माझ्याच देशात. नाटकात मी भाडेकरू बनतो, तू मालकीण हो. एकदा करून बघू."

आम्ही केलं. मी त्यांच्यासमोर सफरचंदाच्या रसाचा ग्लास ठेवला आणि त्या पुण्याच्या बाईंच्या आवाजात, जर्मनमध्ये विचारलं, "मूळचे कुठले म्हणालात? नाही, अगदी मूळचे?" एवढा धिप्पाड माणूस, पण बघता बघता खुर्चीत लहान झाला. त्यांनी ग्लासला हातही लावला नाही. दिवे सांभाळणारा शिडीवरून उतरून खाली येऊन उभा राहिला. दिग्दर्शिका डोळे पुसत होती. मला वाटलं, जिंकलं.

"सुंदर," ती म्हणाली. "फारच सुंदर. पण पोस्टरं छापून झालीत. त्यावर तू आहेस, साडीत."

मी भांडले. आवाज चढवून भांडले, इथे कोणी करत नाही तसं. नगरपालिकेने हे नाटक परदेशी लोकांना सामावून घेण्याच्या उपक्रमात धरलंय, तिथे जर्मन माणूस पीडित दाखवून चालणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा समजावत राहिली. शेवटी तडजोड झाली. रविवार दुपारचा एकच प्रयोग आमच्या पद्धतीने. बाकीच्या प्रयोगांना मी साडी नेसणार, पण माझी क्रियापदं जागेवर राहणार.

ते प्रयोग भरले. लोक नंतर माझा हात हातात घेऊन, आम्हाला लाज वाटते म्हणाले. एका बाईंनी तर मला अजून घर हवंय का, असं विचारलं. त्यांच्या ओळखीत एक होतं.

रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आमची मराठी मंडळी मीच बोलावली होती. पडदा उघडला, मी गोड आवाजात पहिला प्रश्न विचारला आणि प्रेक्षक हसले. दुसऱ्यालाही हसले. माझ्यासारखी दिसणारी बाई एका जर्मन माणसाला मूळ गाव विचारते आहे, हा त्यांना विनोद वाटला. ते गृहस्थ "मग निघतो मी" म्हणून उठले, तेव्हाही मागून कोणीतरी खुदकन हसलं. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली.

नंतर चर्चेत एकाने विचारलं, "ही भारतातली परिस्थिती दाखवलीत का?" संपूर्ण नाटकात इथल्याच रस्त्यांची नावं होती.

बाहेर आमच्यातली एक मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "छान केलंस गं, पण आपल्याच बाईला इतकं खाष्ट कशाला दाखवायचं? इथे आधीच काय कमी बोलतात आपल्याबद्दल?"

"मी जर्मन बाई करत होते."

"हो, पण दिसतेस तर आपलीच ना!"

आत जाऊन खुर्च्या उचलायला लागले. ते गृहस्थ आधीच उचलत होते, एकावर एक आदळत. आम्ही दोघांनी सगळा हॉल आवरला.

महिन्याभराने दिग्दर्शिकेचा फोन आला. नवीन नाटक आहे, तुझ्यासाठी मस्त भूमिका आहे, निर्वासित आईची. मी म्हटलं, मला या वेळी दिग्दर्शन करायचं आहे.

"शाउन मिअ माल," ती म्हणाली. बघू या. इथे इतकी वर्षं काढल्यावर या 'बघू या'चा अर्थ मला नीट कळतो.

फेराइन मी सोडलेलं नाही. जवळपास दुसरी नाट्यसंस्था नाही. परवा तालमीला गेले, पुन्हा पडदाच ओढला, आणि ओढतानाही माझे दात आवळलेलेच होते.