इंजिनाचा ठेका

शिरोळ सोडताना मी विहिरीवरचं ऑईल इंजिन बंद करायला लावलं, हा माझा सर्वांत टोलेजंग गाढवपणा. बॅगा जीपमध्ये चढल्या होत्या, नवरा अमेरिकेत मेम्फिसला वाट बघत होता आणि मला जाताजाता घरच्यांचे आवाज कॅसेटवर हवे होते. तेही स्वच्छ! बाईसाहेब पुण्यात शिकून आलेल्या ना. धाकट्या भावाला हुकूम सोडला, “संभा, इंजिन बंद कर.” वडील, आमचे आबा, वैतागले, “बोला बिगीबिगी. ऊस भिजायचा हाय.”

जीप निघाली तेव्हा आबा हँडल मारत होते आणि इंजिन धरत नव्हतं. ते सुरू झालेलं मी ऐकलंच नाही. पुढच्या खेपेला गेले तर विहिरीवर विजेची मोटर, इंजिन भंगारात.

मेम्फिसला कॅसेट लावली. आई खोकली, आबा “जपून ऱ्हा” म्हणाले आणि मागं नुसती शांतता. अख्खं घर आलं होतं, पण बंद पडलेलं. त्या ठेक्यावर वाढलेली मी. तो चुकला की आबा झोपेतून उठायचे. इथं मी घरं बदलली, नोकऱ्या बदलल्या, सोफे तर किती वेळा सरकवले. पाय ठरेना.

आजी झाल्यावर गिटार घेतली. शेजारची रूथ ओसरीवर बसून ब्लूज, इथली जुनी दुखरी गाणी, वाजवते, तिच्याकडं शिकायला लागले. मी दिसेल तो कॉर्ड धरून पुढं. म्हातारी तिच्या इंग्रजीत पण थेट माझ्या चुलतीच्या सुरात खेकसली, “पळतेस कुठं? बस की एका जागी!” बसले. एकच कॉर्ड, अंगठ्याचे ठोके जाड तारेवर, तेच ते, तेच ते. कंटाळा आला, मग गेला. आणि अंगठ्याखाली इंजिन धरलं! दोन ठोके, एक उसासा, पुन्हा दोन ठोके.

इकडं आलेल्यांनो, तुम्ही फोडणीच्या वासात घर शोधा. माझं घर आता अंगठ्यात आहे. हात थांबला की मी परत सोफे सरकवायला मोकळी.

आबा आता नाहीत. परवा संभाला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न सांगता वाजवायला लागले. तो उसाच्या बांधावर उभा, एकदम गप्प. फोन अडकला असं वाटून मी हात थांबवला. तसा तो ओरडला,

“आक्का, आता मधीच बंद करू नगंस! निम्मा ऊस भिजायचा हाय अजून.”