मास्तरांच्या प्रवासाची रंगीत तालीम

आमच्या नाटक कंपनीत पडदे रंगवणाऱ्या माणसाला सगळे नुसते मास्तर म्हणायचे. खरं तर त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नाही. ब्रशला कुणाचा हात लागला तरी अंगावर खेकसायचे. पण ज्यांच्या हिमशिखरांपुढे मी इतकी वर्षं खोटीखोटी कुडकुडले, ज्यांच्या वाळवंटात घशाला कोरड पडल्याचं सोंग केलं, त्या माणसाला मी तरी दुसरं काय म्हणणार?

आमचं सर्वांत गाजलेलं नाटक एका व्यापाऱ्याचं. हरवलेल्या भावाला शोधत तो एका अवाढव्य देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. प्रवेश सात, पडदे सात. बर्फाचे डोंगर, वाळवंट, जंगल, गवताळ माळ, घुमटांचं शहर, मोठी नदी आणि शेवटी समुद्र. देश एकच, पण प्रत्येक पडद्यापुढे माणसं वेगळी, पेहराव वेगळा, बोलण्याची ढब वेगळी. चार मुलखांतल्या चार बायका मी एकटीनं केल्या, आणि पाचवी करणारी आजारी पडली की तीही. गंमत म्हणजे तो देश आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. मास्तरांनी तो जुन्या कॅलेंडरांवरून रंगवला, आणि जिथे कॅलेंडर कमी पडलं तिथे पदरचं घालून.

कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी मास्तरांच्या लेकीनं आईवडिलांच्या हातावर त्याच देशाची विमानाची दोन तिकिटं ठेवली. पंधरा दिवसांची. म्हणाली, "बाबा, आता खरा बघून या. तिथे कुठं कुठं फिरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

झालं! मास्तरांनी पुढच्या खोलीतल्या भिंतीवर भला मोठा कागद लावला आणि बेत आखायला घेतला. एका वहीत त्या देशातल्या सात भाषांमधलं 'या, बसा' लिहून काढलं आणि ते दिवसभर घोकत बसले. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "पाहिलंत ना बाई? सात भाषांत 'या, बसा' पाठ केलंय. घरातल्या भाषेत एकदा म्हटलं असतं तर काय जीभ झिजली असती?"

मास्तरांना ते ऐकूच गेलं नाही. ते समुद्रात होते.

प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत मला मुद्दाम सोबत नेलं. कुणी नडलं तर मी चार वाक्यं फेकीन, हा हिशेब. तिथल्या मुलीनं मास्तरांचा कागद वाचला आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

"आजोबा, पहिल्या दिवशी सकाळी बर्फ आणि दुपारी वाळवंट?"

"मधे चहापुरता वेळ ठेवलाय की."

"या दोन्हींच्या मधे आगगाडीचे तीन दिवस आहेत."

"तीन दिवस?" मास्तर दुखावले. "आमच्याकडे दीड मिनिटात व्हायचं. दोर ढिला पडला तर दोन."

त्या पोरीला हसावं की रडावं कळेना. तिच्या लक्षात आलं नव्हतं, पण माझ्या आलं. मास्तरांनी सगळा देश प्रवेशांच्या क्रमानं लावला होता. त्यांच्या लेखी डोंगर आणि समुद्र यांच्यामधलं अंतर म्हणजे एक शिट्टी आणि दोन दोर. सातातून चार ठिकाणं उडाली. बर्फ, नदी आणि समुद्र राहिले. एकेक नाव खोडताना मास्तरांचा चेहरा असा, जणू चालू खेळात त्यांचा पडदा फाडतोय कुणी.

पण नाटकवाला माणूस तालमीवाचून कुठे बाहेर पडतो? रविवारी सकाळी इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत मास्तरांनी खडूनं विमानतळ आखला. ही रांग, हे टेबल, हा आगगाडीचा फलाट. फलाटावरचा पूल म्हणून इमारतीचा जिना. बॅगा खऱ्या. टोपी घालून मी अधिकारी झाले.

"आमच्या देशात येण्याचं कारण?" मी आवाज लावला.

"चुका तपासायच्या आहेत," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

"कुणाच्या?"

"माझ्या. समुद्राचा निळा जरा जास्त झाला होता असं मला पहिल्यापासून वाटतंय."

"साहेब, यांच्या चुका तपासायच्या तर पंधरा दिवस पुरायचे नाहीत," मागून वहिनी म्हणाल्या. "मुक्काम वाढवून द्या."

आम्ही तिघंही हसलो. मग मी शिट्टी मारली, गाडी फलाटाला लागली आणि मास्तर दोन्ही बॅगा घेऊन भराभरा जिना चढून गेले. वरून ओरडले, "चला चला, गाडी सुटेल!"

वहिनी चौथ्या पायरीवर होत्या. कठड्याला धरून "आले, आले," म्हणत होत्या, पण येत नव्हत्या. मी टोपी काढून पुढे झाले. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. त्या सावकाश पायरीवर बसल्या, मग दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला.

"तुम्ही एकटे जाऊन या," त्या वर न बघता म्हणाल्या. "माझं तिकीट परत करायला मी लेकीला सांगते. आल्यावर मला सगळं सांगा. रंगवून सांगायला तुम्हाला कुणी शिकवायला नको."

मास्तर बॅगा घेऊन खाली आले. गोंधळलेला माणूस हमखास चुकीचं वाक्य बोलतो, तसे म्हणाले, "मी फोटो आणीन ना तुला. भरपूर."

मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

"फोटो नकोत," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "इतकी वर्षं तुमचे पडदे शिवले मी. बारा बारा पट्टे जोडून. रंगवताना पडदा जमिनीवर पसरलेला असायचा, जवळ फिरकू द्यायचा नाहीत. खेळ सुरू झाला की मी सुईदोरा घेऊन पडद्यामागे स्टुलावर. कुठं उसवलं तर टाका घालायला. तुमचा डोंगर मला मागूनच माहितीय. मागून तो म्हणजे खळीचे डाग आणि माझी ठिगळं." जरा थांबून म्हणाल्या, "एकदा समोरून बघायचा होता. म्हणून हो म्हटलं होतं."

मी त्या डोंगरापुढे हजार वेळा उभी राहिले असेन. टाळ्या घेतल्या. मागे स्टुलावर कोण बसलंय हे मलाही माहीत होतं, आणि एकदाही 'आज तुम्ही समोर बसा' असं मला सुचलं नाही.

मास्तरांनी फडकं ओलं करून आणलं आणि गुडघे टेकून सगळा विमानतळ पुसून काढला. मग वहिनींपुढे उभे राहिले.

"एका दमात किती पावलं जातेस?"

"चाळीस. फार तर पन्नास."

"चालून दाखव."

रंगमंच मापायचे तसे ते त्यांच्या शेजारून मोजत चालले. फाटकापाशी वहिनी थांबल्या. बावन्न झाली होती. मास्तरांनी वहीत पन्नास लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताना मास्तरांच्या हातात कागद नव्हताच. ते त्या मुलीला म्हणाले, "बाळ, पन्नास पावलांत जे दिसेल ते हवं. पायरी एकही नको."

तिनं अर्धा दिवस फोन केले. संध्याकाळी तिचाच फोन आला. नदीकाठी एक उतरायची जागा आहे, खोल्या जमिनीलगत, दारापासून काठ तीस पावलांवर. रोज सकाळी तिथे होड्यांचा बाजार भरतो. वरच्या डोंगरातली माणसं येतात, खालची समुद्राकडची येतात, चार-पाच भाषा एका वेळी कानावर पडतात.

"म्हणजे पडदा एकच, पात्रं बदलणार," मास्तर म्हणाले. "पंधराही दिवस तिथेच."

बर्फ गेला. समुद्रही गेला. त्यांच्या निळ्या रंगाचा निकाल आता कधीच लागणार नव्हता.

शेवटची तालीम निघायच्या आदल्या दिवशी झाली. त्याच जागेत, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तर एकीच्या पाठीवर हात ठेवून उभे. वहिनी आल्या तशी त्यांनी मान लववली.

"या, बसा."

"ही कुठली भाषा म्हणायची?"

"घरातली."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार आहे याची खात्री करून घेतली असावी. मग पदर सावरून ऐटीत बसल्या, अगदी पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारख्या. मास्तर सवयीनं भिंतीच्या कडेकडे निघाले.

"तिकडे कुठं निघालात?"

"दोराशी कुणीतरी..."

"बसा हो इथं," वहिनींनी शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. "नदी आहे ती. तिची ती सरकेल."