गरीब पोरांचा अंदाज

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धामणगाव बढेपासून दोन कोसांवरच्या एका लहानशा गावात मी शाळेवर रुजू झाले होते. वर्ग चार, खोल्या दोन आणि शिकवायला मी एकटी. राहायला एका मावशींकडे ओसरीलगतची खोली मिळाली होती. मावशींचा भाजीचा मळा होता, आणि दर बाजाराला त्या वांगी-मिरची बैलगाडीत घालून धामणगावला नेत.

दिवाळी झाली आणि शिक्षण खात्याचे साहेब जीपने आले. शाळेतल्या गरीब मुलांना दुपारी दूध द्यायचं ठरत होतं. दुधाची भुकटी कुठे किती पाठवायची, त्यासाठी गावोगावचा अंदाज हवा होता.

"गरीब म्हणजे नक्की कोण, साहेब?" मी विचारलं.

ते जरा वैतागले. "बाई, घर बघा, पोराच्या अंगावर काय आहे बघा, चुलीवर काय शिजतंय ते बघा. कळतंच की! तुमच्या गावात गरीब किती निघतात त्यावरून शेजारच्या चार गावांचं ठरवू. सोमवारी येतो."

त्या चार गावांत मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. माझा अंदाज इथे चुकला तर तिथलं एखादं पोर उपाशी राहणार, या विचारानं मला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरोघर निघाले. कोणाच्या दारात उभं राहून "तुम्ही गरीब का हो?" असं कसं विचारायचं? मग मी उगाच पाणी मागायची, बसायची आणि इकडेतिकडे बघायची. पहिल्या गल्लीत दोन घरं झाली, आणि तिसऱ्या घराचं दार मी पोहोचायच्या आत लागलं. पुढच्या घरात म्हातारी एकटीच. नातवंडं कुठे, तर म्हणाली, "मामाच्या गावाले गेले." तिचा नातू सकाळीच माझ्यासमोर पाढे म्हणत होता. खालच्या गल्लीत, मजुरांच्या वस्तीत, तर एकही पोर दिसेना. मी गल्लीतून चालत होते आणि फटीफटींतून डोळे माझ्यावर रोखलेले जाणवत होते.

संध्याकाळी मावशींनी उलगडा केला. "बाई, लोकं म्हनून राह्यले का तुम्ही गरिबाईचे पोट्टे हेरून राह्यल्या. जीप येईन आन त्याईले दूर कुठं तरी नेऊन ठेवीन."

"असं काही नाही हो मावशी! दूध द्यायचंय."

"मले पटते. पन देवी टोचनारा आला तरी आमच्या बाया पोट्टे लपवते. हे तं जीप हाय!"

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी शाळेत जेमतेम पाच-सहा पोरं, तीही शेतीवाडी असलेल्या घरांची. मावशी बाजाराला गेलेल्या. घरोघर जाऊन लोकांना समजवावं, तर मला बघताच दारं बंद होणार. मी तशीच वर्गात बसून राहिले.

उन्हं कलली तशी खालच्या गल्लीतली एक बाई पळतच शाळेत आली. तिची मुलगी माझ्याकडे दुसरीत होती. हुशार, पण कापूस वेचणी लागली की आठ-आठ दिवस न येणारी. बाईचा पदर सुटला होता.

"बाई, माही पोरगी देली का तुम्ही त्याईले?"

"कोणाला? अहो, मी कोणालाच काही..."

"सकाळी मीच तिले ज्वारीत लपवून ठेवलं होतं. आता जाऊन पाह्यते तं नाही! सडकेनं जीप गेली म्हनते. खरं सांगा!"

जीप गेली होती हे मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "चला, मी येते तुमच्यासोबत."

ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. आम्ही हाका मारत धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून फिरलो. मागून आणखी पाच-सात माणसं आली. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. धुऱ्याच्या टोकाला एक बिनकठड्याची विहीर होती. तिथे पोचल्यावर मुलीची आई मटकन खाली बसली. तिच्याच्यानं आत बघवेना. मी पालथी पडून वाकले. पाणी काळंशार आणि स्थिर होतं. त्या क्षणी मी कोणकोणत्या देवाला काय काय नवस बोलले, मला आठवत नाही.

परतताना सडकेवर गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. मावशी बाजाराहून येत होत्या. रिकाम्या टोपल्यांमध्ये एक पोरगी गाढ झोपलेली.

"हे काऊन रस्त्यानं रडत फिरून राह्यली होती?" मावशींनी विचारलं. "जीप पाह्यली आन पयाली म्हनते, थेट बाजाराच्या वाटेले लागली!"

आईनं तिला खाली ओढलं, आधी एक धपाटा घातला आणि मग उराशी असं धरलं की पोरगी गुदमरून ओरडली.

मावशी गाडीवरच उभ्या राहिल्या. "ऐका! बाई दूध देनार हाय पोट्ट्याईले. कोनी कोनाले नेत नाही. बाई माह्या घरी राह्यते, मले ठाव हाय."

रविवारी मी यादी करायला शाळा उघडली, तर तीच आई पायरीवर येऊन बसली. "बाई, लिहून घ्या आमचं," ती म्हणाली. "सकाळी पोरीले कण्या देल्या. आता चूल थंडी हाय. पन तिले घरीच राहू द्या." ती गेल्यावर आणखी बाया आल्या, एकमेकींकडे न बघता.

सोमवारी साहेबांनी आकडा बघितला. "बराच मोठा आहे. ठीक. तोच शेजारच्या चार गावांना लावतो."

"साहेब, तिथे मजूर जास्त आहेत म्हणतात. मी एकदा जाऊन बघते."

"वेळ कुठंय बाई?"

थंडीत दुधाची भुकटी आली. आमच्या शाळेत ती सगळ्यांना पुरली. ती मुलगी पेला दोन्ही हातांनी धरून प्यायची. त्या चारांपैकी एका गावचे मास्तर एकदा बाजारात भेटले, तेव्हा मी घाईघाईनं त्यांच्याकडची चौकशी केली.

"अर्धी रांग होते न होते तोच पातेलं रिकामं होतं," ते म्हणाले. "आता मोठ्या पोरांना मागे उभं करतो, निदान लहानग्यांना तरी मिळतं."