शेवटचं म्हणायचं नसतं

या सदरात छापून येणारे अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून हसते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाकडे रस्त्यावरची बाई लिफ्ट मागते, आणि पाय सगळ्यांचेच उलटे... भुतांनाही नवीन काही सुचत नसावं. मी निवृत्त होईपर्यंत कोल्हापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. धुकं कसं तयार होतं, आवाज कशावर आपटून परत येतो, हे फळ्यावर काढून दाखवण्यात माझी हयात गेली. तेव्हा खालचा मजकूर कुणा भाबड्या बाईचा आहे असं समजू नका. समजलात तरी माझं काही अडत नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. एस.टी. तेव्हा नवी होती, आणि तिच्यात बसून उगाच कुठंतरी जाऊन येणं हीच मोठी चैन होती. ह्यांचे एक मित्र होते — नाना. वकील. वकिली बेताची आणि रिकामा वेळ भरपूर, म्हणून ते एका साप्ताहिकात लेख लिहायचे : एस.टी.ने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशा रम्य पायवाटा. पन्हाळा झाला, जोतिबा झाला, कुरुंदवाडचा नदीकाठ झाला. प्रत्येक लेखात निसर्गाची मुक्त उधळण असायची. चिखल, जळवा आणि शेण मात्र कुठल्याच लेखात नसायचं. ही उधळण एकट्याने बघायला नाना घाबरत, म्हणून त्यांना सोबत मंडळी लागायची. मंडळी म्हणजे आम्ही दोघं आणि बिद्रीकडचे बापू. बापूंचा गुळाचा व्यापार होता, आणि नाना जे म्हणतील त्याला "व्हय की" म्हणणं हा जोडधंदा.

आमचे हे कचेरीत नोकरीला होते. सालस माणूस. कुणी "चला" म्हटलं की निघायचे, आणि मग प्रत्येक झाडापाशी थांबत सगळ्यांच्या मागे राहायचे. मला काटा लागला तर माझ्याआधी ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. या मऊपणाची मला तेव्हा चीड यायची. पुरुषाने कसं जरा खमकं असावं, असं माझं मत होतं.

नाना सैन्यात कधी गेले नव्हते, पण शिस्त सगळी सैन्यातली. वाटेला वळण आलं की ते पुढून ओरडायचे, "मंडळी?" आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाने उत्तर द्यायचं, "शेवटचा आलो." मग रांग पुढे सरकायची. ही पद्धत आपण शोधून काढली याचा त्यांना इतका अभिमान, की महाद्वार रोडवरच्या गर्दीतसुद्धा ते "मंडळी?" करायला कमी करत नसत. उत्तर द्यायचं काम अर्थातच ह्यांच्याकडे.

गौरी-गणपती उरकल्यावरच्या एका रविवारी आम्ही गगनबावड्याला निघालो. गाडीत नानांनी आजूबाजूच्या लोकांना आपली पद्धत ऐकवायला घेतली. कंडक्टर म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारा गडी, तोंडात पान. तो म्हणाला, "पावणं, आमच्याकडं शेवटचा म्हणत न्हाईत. धुक्यात तर न्हाईच न्हाई. मागनं येत्यात, असं म्हणायचं."

"मागून कोणी येत नसलं तरी?"

"तरी बी."

"का बुवा?"

"का ते मला काय म्हाईत? म्हणत्यात." एवढं ज्ञान देऊन त्याने खिडकीबाहेर पिंक टाकली.

नाना मोठ्याने हसले. मीही हसले. घरातून निघताना आपण "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. नानांनी तर जाहीर केलं, की आज आपण मुद्दाम "शेवटचा" असंच ओरडायचं आणि अंधश्रद्धेचा समाचार घ्यायचा. बापू नेहमीसारखं "व्हय की" म्हणाले, पण जरा उशिरा म्हणाले.

गाव मागे टाकून आम्ही कड्यावर पोचलो. खाली कोकण पसरलेलं. खोटं कशाला बोलू, दृश्य सुंदर होतं. आम्ही भाकरी, खर्डा आणि दही खाल्लं. नानांनी कोकणाकडे बोट दाखवून मला भूगोल शिकवला. आणि परत निघालो तेवढ्यात, भर दुपारी, खालून धुकं वर आलं.

परतीची वाट बराच वेळ काठाकाठाने होती. एका हाताला कारवीची झुडपं, दुसऱ्या हाताला काहीच नाही. पुढे नाना, मग बापू, मग मी, शेवटी हे. मला बापूंची पाठ जेमतेम दिसत होती. हे तर दिसतच नव्हते, नुसत्या त्यांच्या चपला वाजत होत्या.

"मंडळी?" नाना ओरडले.

"शेवटचा आलो," हे माझ्यामागून म्हणाले.

आणि त्यांच्याही मागून, बऱ्याच लांबून, बाईचा आवाज आला, "शेवटची आले."

आम्ही थांबलो. रांगेत बाई मी एकटीच.

"एको आहे," नाना म्हणाले.

प्रतिध्वनी "आलो"चं "आले" करत नाही आणि पुरुषाच्या आवाजाची बाई करत नाही, हे माझ्या वर्गातल्या ढ मुलीलाही कळलं असतं. मी तसं म्हणणार, तोच बापू वळून माझ्याकडे बघायला लागले.

"वैनी, तुमी हितंच हाय न्हवं?"

"म्हणजे काय?"

"न्हाय... त्यो आवाज तुमचा हाय की."

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे आपल्याला कुठं माहीत असतं? पण ह्यांना माहीत होतं. धुक्यातून ह्यांचं बोलणं ऐकू आलं, "अगं, मागे कशी राहिलीस? हलू नकोस, मी येतो." आणि चपलांचा आवाज लांब जायला लागला. वाटेने मागे नाही. काठाकडे.

"अहो, मी इथे आहे! पुढे आहे!" मी ओरडले.

काठाकडून, जरा थांबून, तोच आवाज आला, "अहो, मी इथे आहे."

"हो, हो, आलो," हे म्हणाले. माझ्याकडे नाही, तिकडे.

मी पुन्हा हाक मारली. तिनेही मारली. मी जितकी घाबरून ओरडत होते तितकीच ती शांतपणे बोलत होती. नवऱ्याशी मी इतक्या मायेने कधी बोललेच नव्हते. तो मऊ माणूस कोणत्या हाकेला ओ देणार, हे मला उभ्या उभ्या कळलं.

नानांनी घड्याळ बघितलं. "गाडी चुकायला नको," ते म्हणाले. "मी पुढे होऊन माणसं घेऊन येतो." आणि आमचे सेनापती धुक्यात दिसेनासे झाले. वाटेत त्यांनी एकदाही "मंडळी?" केलं नाही.

बापू भित्रे होते, पण गेले नाहीत. माझा दंड धरून म्हणाले, "वैनी, म्हणा की. मागनं येत्यात म्हणा."

मला त्या क्षणीही लाज वाटली, हे लिहून ठेवते. कंडक्टरच्या पिंकेबरोबर आलेली अक्कल मी पाजळायची! पण तिकडे हे म्हणत होते, "हात दे, हात दे." मग मी त्या पांढऱ्या पोकळीकडे तोंड करून ओरडले, "शेवटचं कोणी नाही! मागून येतायत! अजून पुष्कळ जण मागून येतायत!"

पलीकडून काहीच आलं नाही. पुन्हा ओरडले. तरी नाही.

मग मी नुसतं "अहो" म्हटलं. माझा आवाज पार बसला होता. खूप जवळून हे म्हणाले, "अगं, तू तिकडे कधी गेलीस?" आणि धुक्यातून चाचपडत आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, एका पायात चप्पल नव्हती.

"आत्ता तर माझा हात धरला होतास," ते म्हणाले. "तुझ्या बांगड्या लागल्या मला. मग एकदम सोडलास."

मी चारचौघांत, म्हणजे बापूंसमोर, त्यांना घट्ट धरलं आणि गाव येईपर्यंत सोडलं नाही.

स्टँडवर नाना चहा पीत होते. माणसं आणायची राहूनच गेली होती. पुढे त्यांचा लेख आला : धुक्याची दुलई, एस.टी.ची उत्तम सोय, सहकुटुंब जरूर जावे. आमचा उल्लेख "काही हौशी मंडळी" असा होता.

मी पुष्कळ डोकं चालवलं. गुरांमागची एखादी बाई असेल, तर ती माझ्या आवाजात का बोलेल? ह्यांना भास झाला म्हणावं, तर आवाज आम्ही चौघांनी ऐकला. घाबरून कान फसले म्हणावं, तर पहिल्या हाकेला कोणी घाबरलेलं नव्हतं. माझ्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नाही. ज्यांच्याकडे तयार उत्तरं असतात त्या लोकांशी मी वाद घालत नाही, कारण ते नानांच्या जातकुळीतले असतात.

नाना गेले, बापू गेले. हे जाऊनही बरीच वर्षं झाली. हा अनुभव पाठवते असं कळवल्यावर मध्यंतरी तुमच्या संपादकांचा फोन आला होता. पोरगेलासा आवाज. "आजी, त्या सहलीतल्या आता तुम्हीच शेवटच्या का?"

"छे," मी म्हटलं. "मागून येतायत."

तो हसला. हसू दे. माझा अजूनही कशावर विश्वास नाही. पण तो शब्द मी तोंडातून काढत नाही, आणि त्याचं कारण भीती नव्हे. घरात आता मी एकटी असते. मी "शेवटची आले" म्हटलं आणि मागून उत्तर आलं, आणि ते ह्यांच्या आवाजात आलं, तर काठ कुठे आहे ते न बघता मी मागे वळेन.