जास्तीच्या विषयांची खुर्ची

जिथं बोलायला बंदी असते, तिथं किस्से जास्त साठतात. रिसोडला बियाण्यांच्या दुकानाच्या वर माझी अभ्यासिका आहे. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालो, घरी बसवेना, म्हणून काढली. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. ती मीच लावली आणि सगळ्यात जास्त मीच मोडतो. मागच्या वर्षी मात्र सगळेच मोडत होते, कारण अख्ख्या अभ्यासिकेला एकच प्रश्न पडला होता. आर्शियानं ते जास्तीचे विषय करावेत की नाही?

* * *

आमच्याकडं बसायच्या रांगा परीक्षेप्रमाणे असतात. भिंतीकडून नीटवाले, मधे जेईईवाले आणि दाराजवळ भरतीवाले, कारण त्यांना मधेच उठून मैदानावर पळायला जायचं असतं. नव्या माणसाला त्याची रांग दाखवायचं काम गजाननचं. हा आमचा सगळ्यात जुना उमेदवार. अभ्यासिकेला कुलूप लावण्याआधीपासून हा आत बसलेला आहे, असं मी त्याला चिडवतो.

बारावीतली आर्शिया पहिल्यांदा आली, तेव्हा त्यानं विचारलं, “तू कशाची?”

तिनं सगळं नीट सांगितलं. बाहेर देशातल्या एका कॉलेजात अर्ज करायचाय. ते पूर्ण शिष्यवृत्ती देतं. तिथं अर्ज करणारी बरीच मुलं बारावीतच कॉलेजच्या पातळीचे ऍडव्हान्स्ड कोर्स करून आलेली असतात. आपल्याकडं ते कोणी शिकवत नाही, पण स्वतः शिकून नुसती परीक्षा देता येते. तिनं चार विषय धरले होते आणि बोर्डाची बारावी वेगळी.

गजाननानं तिन्ही रांगांवर नजर फिरवली. “इथं तं तुही रांगच नाई,” म्हणाला, आणि पाण्याच्या कॅनजवळ, खिडकीशी एक खुर्ची टाकून दिली. पोरांनी त्या खुर्चीचं नाव ‘फॉरेन’ ठेवलं. मग पाणी प्यायला उठणारा जो तो फॉरेनला जाऊन येतो म्हणून सांगू लागला.

* * *

आर्शियाचे वडील इक्बालभाई शाळेचे गणवेश शिवतात. एक दिवस गळ्यात टेप तसाच ठेवून ते जिना चढून आले.

“सर, ज्याचं माप कोणी घेतलंच नाई, तो कपडा हे पोट्टी कायले कापून राह्यली?”

मी समजावलं. म्हटलं, कॉलेजात विषय नसताना पोरगी स्वतः शिकली, हे त्यांना दिसेल. अर्जाला वजन येईल.

“येतेच का?”

“बहुतेक.”

“बहुतेकवर मी बटन बी लावत नाई, सर,” म्हणाले. नंतर माझ्याच खुर्चीत बसून माझ्यासाठीच चहा मागवला. पोरीला अडवायचं त्यांच्या मनात नव्हतं. कोणीतरी छातीठोक ‘येते’ म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ते मला म्हणता येईना.

* * *

म्हणून मी आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना विचारलं. जास्तीच्या चारांत त्यांचाही विषय होता. त्यांनी अभ्यासक्रम चाळला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“सर, आहे तो पोर्शनच माह्याच्यानं एकदाही संपला नाई,” म्हणाले. “अन् इले त्याच्याही पुढचा पायजे?”

तरी दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी फॉरेनच्या खुर्चीवर स्वतःचं जुनं जाडजूड पुस्तक ठेवलं. त्याची पानंसुद्धा अजून एकमेकांना चिकटलेली होती.

* * *

वेळ पुरेना, म्हणून आर्शिया ऑनलाइन लेक्चरं दुप्पट वेगानं ऐकायला लागली. आठवड्याभरात तिच्या आईचा मला फोन आला. पोरगी घरात काय बोलते ते कोणालाच कळत नाही, भाजी मागते की सलाम करते याचाही पत्ता लागत नाही, तुम्ही काय शिकवलं? मी तिला बोलावून विचारलं, तर तिनं एका दमात असं काही उत्तर दिलं की मलाही कळलं नाही.

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. मग बोर्डाची सराव परीक्षा झाली आणि केमिस्ट्रीत ती घसरली. फॉरेनवाल्यांना बोर्डाचे मार्कही लागणारच होते. म्हणजे जास्तीचं मिळवता मिळवता हातातलंही जायचं. मला खरंच धास्ती वाटली. मी तिला सोमवारी ‘कर’ म्हणत होतो आणि गुरुवारी ‘सोड’. ती बिचारी दोन्ही दिवशी मान हलवायची. एका दुपारी ती खिडकीकडं तोंड करून रडत होती आणि पाणी प्यायला कोणीच उठत नव्हतं.

* * *

उठला तो गजानन. कॅनजवळ उभा राहून त्यानं तिला स्वतःची गोष्ट सांगितली. आम्हाला ती पाठ होती, पण एरवी आम्ही ती त्याला चिडवायला सांगायचो.

गजाननाला भरती दिसली की अर्ज करायची सवय. पोलीस, वनरक्षक, तलाठी, काही सोडलं नाही. एकदा दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या, एक अकोल्याला आणि एक नांदेडला. दोन्ही हॉल तिकिटं खिशात घालून हा सकाळी रिसोडच्या स्टँडवर गेला. दोन्ही गाड्या लागलेल्या. हा मधोमध उभा. कुठं जागा निघण्याचा जास्त चान्स, याचा हिशेब करत राहिला. अकोल्याची गाडी गेली. तिच्याकडं पाहत राहिला, तोवर नांदेडचीही गेली.

“दोन्ही गाड्यांत जागा होती, आर्शिया,” तो म्हणाला. “मलेच बसता नाई आलं.”

दुसऱ्या दिवशी फॉरेनच्या खुर्चीवर एकच विषय होता, गणित. उरलेला वेळ बोर्डाला. फिजिक्सच्या सरांनी आपलं पुस्तक परत नेलं तेव्हा ते मोकळे झाल्यासारखे दिसत होते.

* * *

आर्शियाचं झालं. आता ती तिकडंच शिकते. इक्बालभाई गिऱ्हाइकाचं माप घेताना तिकडच्या थंडीबद्दल बोलतात. फॉरेनची खुर्ची रिकामी असते, गजानन तिथं कोणाला बसू देत नाही. तो अजून दाराजवळच्या रांगेत आहे. पण खरा किस्सा राहिलाच, तो त्याआधीचा, मुलाखतीचा.

मुलाखत लॅपटॉपवर होती. घरी शिलाई मशीनची खडखड, म्हणून आर्शियानं अभ्यासिका मागितली. त्या संध्याकाळी पाटी लावल्यापासून पहिल्यांदा खरी शांतता होती. सगळे पुस्तकात तोंड घालून कान तिच्याकडं लावून बसलेले. पडद्यावर पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. बाकीचं गोडगोड झाल्यावर त्यांनी विचारलंच. तुझ्यासारख्या बऱ्याच मुलांनी असे पाच-सहा कोर्स केलेत, तू एकच का केलास?

आर्शियानं त्यांना दोन गाड्यांची गोष्ट सांगितली. इंग्रजीत, आणि अगदी सावकाश. शेवटी म्हणाली, मी गणिताच्या गाडीत बसले.

बाईंनी विचारलं, तो माणूस आता कुठं असतो?

आर्शियानं लॅपटॉप दाराकडं वळवला. गजाननाला इंग्रजी पुरतं कळलं नव्हतं, पण अकोला आणि नांदेड कळलं होतं. समोर कोणी साहेब दिसला की काय करायचं, हे त्याच्या अंगात इतकी वर्षं मुरलेलं. तो उठला, छाती पुढं काढली, हात मांड्यांना चिकटवले आणि सावधानमध्ये उभा राहिला. हसू दाबताना नीटच्या रांगेतल्या एकाला ठसका लागला.

पडद्यावरच्या बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग खुर्ची मागं सरकवून त्याही उठून उभ्या राहिल्या.