युसूफचाचाचा अर्धा गोळा

इथले बरेच जण मला माझ्या खादाडीच्या पोस्टींमुळे ओळखतात. शहापूरची मिसळ, मुरबाडच्या बाजारातली मटका कुल्फी, पडघ्याचा आल्याचा उसाचा रस... फोटो टाकायचा, चार ओळी खरडायच्या, लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं की आपण खूश. भुताखेतांच्या धाग्यांवर मी आजवर फक्त टवाळ्या केल्यात. "पित्त झालं असेल, सोडा प्या" ही माझी ठरलेली कमेंट. तेव्हा आज माझ्यावर हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. मी लिहितोय कारण हे आता माझ्याने एकट्याने वागवत नाही.

मी पूर्ण्याचा. भिवंडीजवळचं पूर्णा... आमच्या शेतांवर आता गोडाऊनं उभी आहेत आणि त्यातल्याच काल्हेरच्या बाजूच्या एका गोडाऊनमध्ये मी सुपरवायझर आहे. घरात मी, आई आणि बाबा. बाबांनी तरुणपणी निजामपुऱ्यात पॉवरलूमवर काम केलं. रात्रंदिवस मागांची खटखट ऐकून कान पार गेले. आमच्या घरात म्हणूनच हातांनी बोलायची सवय. कारखान्यात ओरडून काही ऐकू जात नाही, तेव्हा कामगार ओठ आणि हात वापरतात, तीच भाषा बाबांनी घरी आणली. नावाने हाक मारता येत नाही म्हणून प्रत्येकाला एक खूण. आईची खूण म्हणजे नाकावरच्या चमकीला बोट लावायचं. माझी म्हणजे गाल फुगवून त्यावर दोनदा टिचकी मारायची, कारण लहानपणी माझं तोंड कधी रिकामं नसायचं. मी एवढा मोठा झालो तरी बाबा भर बाजारात गाल फुगवून मला बोलवायचे आणि मी लाजून मेल्यासारखा व्हायचो.

शुक्रवारी आमच्याकडे सुट्टी. दर शुक्रवारी बाबांना गाडीत घालून कुठेतरी खायला न्यायचं हा आमचा कार्यक्रम. माझ्या पोस्टींमधले अर्धे शेरे खरं तर बाबांचे असायचे. जिभेला त्यांच्या तोड नव्हती. एक घास खाऊन सांगायचे, तेल कालचं हाय. पण वाडा झालं, शहापूर झालं, मुरबाड झालं, तरी दहा मिनिटांवरच्या निजामपुऱ्यात काही ते यायचे नाहीत. विषय काढला की हात झटकायचे. गेल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी मात्र गाडीत बसल्या बसल्या स्वतःच म्हणाले, "आज गोळा खाऊ. निजामपुऱ्यान चल."

वाटेत ते युसूफचाचांबद्दल बोलले. बहिरा माणूस बोलतो तसं, मोठ्याने. युसूफचाचा त्यांचा जोडीदार. दोघांचे माग समोरासमोर. दुपारी उकाड्याने जीव नको व्हायचा, तेव्हा समोरच्या गाडीवर ग्लासातला गोळा मिळायचा, कच्ची कैरी. पण माग चालू असताना दोघांना एकदम बाहेर पडता येत नाही. धागा तुटला आणि कोणी बघितलं नाही तर सगळं कापड वाया. म्हणून एकाने बाहेर जायचं, अर्धा गोळा खायचा, मग दोघांनी बदली करायची आणि दुसऱ्याने उरलेला खायचा. बदलीची खूण मला तेव्हा त्यांनी करून दाखवली, दोन्ही मनगटं एकमेकांवरून फिरवायची.

"बदली आल्याबिगर माग सोडायचा न्हाय," बाबा म्हणाले. "युसूफनी कंदी सोडला न्हाय."

आणि मग हसून सांगितलं की युसूफचाचा कानात सुताचे बोळे कोंबून काम करायचे. बाबा चेष्टा करायचे, तर चाचा म्हणायचे, "हँस ले. बुढापे में तेरे को कुछ सुनाई नहीं देगा, मेरे को सब सुनाई देगा."

"मग आता कुठे असतात चाचा?" मी खुणेने विचारलं. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, गावी गेले असतील, यूपीला.

निजामपुऱ्यात शुक्रवारी मागांना सुट्टी असते. एरवी ज्या गल्लीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे पंख्याची घरघर ऐकू येत होती. दुपार कलत आली होती, पण ऊन अजून कडक. गोळ्याची गाडी होती त्याच जागी, चालवणारा मात्र नवा, गप्पिष्ट माणूस. समोर बाबांचा जुना कारखाना. मालकाने माग कधीच भंगारात काढले होते. लाकडी दाराची एक फळी उघडी आणि आत अंधार. गाडीवाला म्हणाला, "इधर बिल्डिंग आनेवाली है, साहब. तोडने का काम शुरू होगा अभी."

एक कच्ची कैरी घेतली, दोघांत एक. बाबांना शुगर, त्यामुळे अर्ध्याच्या पुढे गेलो असतो तर आईने मला घरात घेतलं नसतं. बाबांनी बाकड्यावर बसून शांतपणे खायला सुरुवात केली. मी पोस्टसाठी फोटो काढत होतो. बर्फ बारीक किसलेला, कैरीचा आंबटपणा अस्सल, वरून काळं मीठ. मी मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती.

मान वर केली तर बाबांचे हात चालू होते.

ते समोरच्या दाराकडे बघून बोलत होते. भराभर, घरी कधी बोलत नाहीत इतक्या वेगाने. मला सगळं समजलं नाही. "उशीर" समजलं. "गर्दी होती" समजलं. मग ते थांबायचे, समोरचं बघायचे, मान हलवायचे. मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. अंधार आणि भिंतीवरचं तेलकट काळं, बस.

मग बाबांनी दोन्ही मनगटं एकमेकांवरून फिरवली. उरलेला अर्धा ग्लास माझ्या हातात दिला.

"यो युसूफचा हाय. धरून रव," म्हणाले आणि गल्ली ओलांडून आत गेले.

मला हसू आलं होतं, खरं सांगतो. म्हाताऱ्याला जुने दिवस आठवले, बघू दे जरा, असं वाटलं. थोडा वेळ गेला तरी येईनात तेव्हा ग्लास गाडीवर ठेवून मागोमाग गेलो. आत लांबलचक रिकामी खोली. फरशीतून माग बसवायचे गंजलेले बोल्ट वर आलेले. बाबा एका जागी उभे होते, दाराकडे पाठ करून, आणि त्यांचे हात हवेत हळूहळू चालले होते. चिमटीत काहीतरी धरून गाठ मारावी तसे. मी खांद्याला हात लावला. ते दचकले, वळले, माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. मी आपला समजलो, ऊन लागलं.

बाहेर आल्यावर ते थेट गाडीपाशी गेले, तो अर्धा ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. घशाचा आवाज ऐकू येत होता. थोड्या वेळापूर्वी हाच माणूस मला म्हणाला होता, यो युसूफचा हाय.

घरी आल्यावर आईने चहा दिला. बाबांनी कप घेतला, मान खाली घालून म्हणाले, "राहू द्या, तुम्ही कशाला त्रास घेतला." आई तिथेच उभी राहिली. मी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

रात्री ते आतल्या खोलीत झोपायला गेले नाहीत. ओट्यावर चटई टाकून घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि रोज तेच. आई समोर आली की नजर खाली. काही मागायचं तर अगदी अदबीने, पाहुण्यासारखं. मी गाल फुगवून टिचकी मारून दाखवली तर ते नुसतं कसनुसं हसले. लहान मूल वेडावून दाखवतं तेव्हा परका माणूस हसतो तसं. मला रडू आवरेना. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

मग एके दिवशी आईच्या हातून मागच्या दारी परात पडली आणि ओट्यावर बसलेल्या बाबांनी चटकन मान वळवली.

डॉक्टरांकडे नेलं, ठाण्याला. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, डोक्यात छोटा झटका येऊन गेला असावा, त्यात माणसं ओळख विसरतात, स्वभाव बदलतो. बरं, मान्य. मग कानांचं काय, विचारलं. मागाने गेलेले कान परत येत नाहीत, म्हणाले. आधीची तपासणी नीट झाली नसेल. मी त्या उत्तराला घट्ट धरून बसलो होतो. अजूनही कधी कधी धरतो.

पण रस्त्यावरच्या ट्रेलरचे हॉर्न सुरू झाले की ते काय करतात माहीत आहे? आईच्या वातींच्या डब्यातला कापूस घेतात, दोन बोळे वळतात आणि कानात घालतात. आईने ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला मागच्या दारी ओढत नेलं.

"आरं, यो तुजा बाबा न्हाय," ती हळूच म्हणाली. आता हळू बोलावं लागतं आम्हाला. "लगीन झाल्यापासून कंदी 'तुम्ही' बोललाय का मना? कानान बोळं कोन घालायचा, तुला म्हाईत हाय?"

"आई, काहीतरी बोलू नकोस. चाचा यूपीला असतील."

"कसला यूपीला? मेला तो." आणि मग तिने सांगितलं. बाबा कारखान्यात होते तेव्हा एका दुपारी गोळ्याच्या गाडीवर गर्दी होती. बाबांना उशीर झाला. आत भयंकर उकडत होतं, चाचांना बरं वाटत नव्हतं, पण बदली आल्याशिवाय ते मागावरून हलले नाहीत. बाबा त्यांचा अर्धा गोळा घेऊन आत गेले तेव्हा चाचा मागाखाली पडलेले होते आणि माग तसाच चालू होता. "बदली झालीच न्हाय त्याची," आई म्हणाली. "तुजा बाबा झोपेत बडबडायचा."

पुढच्या शुक्रवारी मी एकटा निजामपुऱ्यात गेलो. कशासाठी, ते स्वतःशीही धड कबूल केलं नव्हतं. पण वाटेत गाडी थांबली की मी मनगटं एकमेकांवरून फिरवून बघत होतो, एवढं आठवतं. कारखान्याचं छप्पर उतरवायला घेतलं होतं, त्या दिवशी सुट्टी म्हणून माणसं नव्हती. दार अजून उभं होतं. मी कच्च्या कैरीचा गोळा घेतला, अर्धा खाल्ला. उरलेला ग्लास हातात घेऊन गल्ली ओलांडली आणि दारासमोर उभा राहिलो.

छप्पर अर्धं उघडं असल्याने आत उजेडाचे पट्टे पडले होते. मागच्या बाजूला अंधार. त्या अंधारात दोन हात होते.

चेहरा दिसला नाही. हातच दिसले, कोपरापर्यंत. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. बाबांच्या त्या बोटाचं टोक मागात गेलं होतं, माझ्या जन्माआधी. मी फोन काढला आणि आईला लावला. बाबा कुठे आहेत, विचारलं.

"ओट्यावर बसलाय," आई म्हणाली. "का रं?"

मी फोन ठेवला. ग्लास खाली ठेवला आणि मनगटं एकमेकांवरून फिरवली. बदली. एक पाय उंबऱ्यावर टाकला.

आतला उजवा हात वर आला. गालाच्या उंचीवर थांबला आणि त्या तुटक्या बोटाने हवेतच दोनदा टिचकी मारली. मग पंजा उघडून माझ्याकडे केला... थांब. मग बोटं जुळवून तोंडाकडे नेली. खा. तू खा.

मी पुन्हा बदलीची खूण केली. पुन्हा पंजा, या वेळी जोरात, लहानपणी रस्ता ओलांडताना मला अडवायचे तसा. नंतर दोन्ही हात खाली झाले आणि कामाला लागले, गाठ मारायला.

मी पाय मागे घेतला. उंबऱ्याबाहेर बसून तो अर्धा गोळा खाल्ला. बाबांनी सांगितलं म्हणून खाल्ला.

आता तिथे इमारत आहे. खाली दुकानं, वर फ्लॅट. मी गोडाऊनला जाताना मुद्दाम तिकडून वळसा घालतो, पण ज्यासमोर उभं राहावं असं दारच उरलेलं नाही. झटका, ऊन, मनाचे खेळ, सगळं तुम्ही सांगाल, आणि मी सगळं स्वतःला सांगून झालंय. एकही उत्तर पूर्ण पुरत नाही.

ओट्यावरचा माणूस वाईट नाही. आईची औषधं वेळेवर काढून ठेवतो. शुक्रवारी मी त्याच्यासाठी गोळा आणतो. तो बरोबर अर्धा खातो, ग्लास बाजूला ठेवतो आणि बर्फाचं पाणी होईपर्यंत दाराकडे बघत बसतो.