पाहुण्यांचा हंडा

“नवी मुंबईच्या उभारणीत जानकीआजींचं मोलाचं योगदान होतं,” बोनकोडे गावातल्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले. ते खरंच आहे. आजींनी भातशेती दिली. दिली म्हणजे गेली. विचारायलाच कोणी आलं नाही, म्हणून नाही म्हणायचा प्रश्न आला नाही. कोपरखैरण्यातली आमची सोसायटी त्याच शेतावर उभी आहे आणि शेताच्या कोपऱ्यातली विहीर आमच्या कंपाउंडमध्ये. आजींच्या घरात लग्न निघालं की हळदीच्या आंघोळीचं पाणी याच विहिरीतून वाजतगाजत न्यायची रीत. शेतं गेली, भराव आले, इमारती आल्या, रीत राहिली. मध्ये फक्त गेट आलं.

वॉचमनने त्यांना पहिल्यांदा अडवलं तेव्हा मी तिथेच होतो.

“मावशी, कोणाकडे जायचंय?”

“बावीवर.”

“फ्लॅट नंबर बोला.”

“बावीला कसला रं नंबर? तुजा बाप जल्मला नव्हता तवा खनलीय ती.”

वॉचमनचा नाइलाज होता. शेवटी मी म्हटलं, आमच्याकडे आल्यात म्हणून सोड. तेव्हापासून आजी स्वतःच्या शेतात आमच्या पाहुण्या म्हणून येऊ लागल्या. इंटरकॉम वाजायचा, “साहेब, तुमचे गेस्ट आलेत,” आणि मागे ताशे ऐकू यायचे. पाणी काढून झालं की आजी वर येऊन चहा घ्यायच्या. पाहुण्यांनी घ्यावा तसा, अर्धाच.

पुढे कमिटीने विहिरीवर लादी टाकली. मुलं पडतील हे कारण, वर एक गाडी मावते हा योगायोग. गेल्या हिवाळ्यात आजी तांब्याचा हंडा घेऊन आल्या. फार थकल्या होत्या. “भाऊ, धाकट्या नातीची हलद हाय. येक डाव झाकन उघडा.” मी अर्ज दिला. कमिटीने सहानुभूतीपूर्वक विचार करायचं ठरवलं आणि बैठक पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली. नळाचं पाणी न्या, असंही कोणी आजींना सुचवलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “नलाचं पानी धरनाचं. ते आमाला वलखत नाय...” उठताना हंडा दाराशीच ठेवला. “उघडलं का सांगा.” तीच शेवटची भेट. काही दिवसांनी नातीचा फोन आला, “काका, आजी गेली.”

लग्न लांबलं. शोकसभेनंतर कमिटीलाही भरून आलं आणि एकदाच विहीर उघडायला एकमताने परवानगी मिळाली. हळदीच्या सकाळी नात बायकांना घेऊन आली. गाडी हलवली, लादी उचलली, बायकांनी गाणं धरलं... आणि सोडलं. आत पाणी नव्हतं. लादी टाकतानाच ठेकेदाराने विहीर सोसायटीतल्या तोडफोडीच्या डेब्रिजने काठोकाठ भरून टाकली होती. मुलं पडतील ही भीती निराधार होती. पडायला जागाच नव्हती.

नातीने बायकांना परत फिरवलं. मग म्हणाली, “काका, हंडा राहू दे तुमच्याकडंच. आजीनं ठेवलाय.”

तो अजून आमच्या दाराशी आहे. डेब्रिजमध्ये सगळ्यात वर ज्या निळ्या फरशा होत्या, त्या आमच्याच जुन्या बाथरूमच्या.